आठवा प्रश्न

३ मार्च

प्रिय मुंगे,

शिवणाच्या तासाला तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस, आठवतं? आठवीत होतो आपण. दुपारचं तिरकं ऊन बाकावर पडलं होतं, सिस्टर फळ्याजवळ काज कसं करायचं ते दाखवत होत्या आणि तू सुईत दोरा ओवता ओवता कलंडलीस. मी अख्खा तास हलले नाही. हात बधिर झाला, बोटांना मुंग्या आल्या. सिस्टर फिरत फिरत आपल्या बाकापाशी आल्या, तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. घंटा झाली तेव्हा तू डोळे चोळत म्हणालीस, "बगळे, तुझा खांदा फार टोचतो गं. जरा खात जा."

का आठवलं कोण जाणे. नऊ वर्षांनी पहिलं पत्र लिहायला बसले तर पहिल्यांदा तेच हाताशी आलं.

तुझा पत्ता पेन्शनच्या कचेरीतल्या बाईंकडून मिळवला. त्या आधी देईनात. मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षांची मैत्रीण आहे. त्या म्हणाल्या, "मग पत्ता कसा नाही तुमच्याकडे?" मी तशीच उभी राहिले, तेव्हा त्यांनी एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तू मुलाकडे गेलीस हे त्यावरून कळलं.

माझं बरं चाललं आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली. आता झोप भरपूर आहे आणि उठवायला कोणी नाही. सकाळी दूध तापताना मी त्याच्याशी बोलते. ते निदान वर येतं.

मुद्द्यावर येते. तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहिते, कारण मनातल्या मनात मी ते इतक्या वेळा बदललं आहे की एकदा कागदावर बसवायला हवं. आपण दोघी अँब्युलन्सच्या फोनवर शेजारी बसायचो, चार नंबरच्या खुर्चीवर मी आणि पाचवर तू. त्या वर्षी माणसं कमी होती आणि सगळ्यांनाच सलग दोन-दोन पाळ्यांच्या जोडपाळ्या लागल्या होत्या. माझी नववी सलग जोडपाळी होती. घरी आई दर तासाला उठून "शाळेला उशीर झाला" म्हणत दाराची कडी काढायची, त्यामुळे मधल्या वेळेतही डोळ्याला डोळा लागत नव्हता. सकाळी अकरा वाजता तुझ्या दादाचा फोन आला. त्याचा आहे हे मला माहीत नव्हतं. शब्द जड येत होते, तो चिडत होता. मी "थांबता येईल" या खणात तो फोन टाकला आणि शेऱ्यात लिहिलं, "कॉल करणारा नशेत." गाडी एक्केचाळीस मिनिटांनी पोचली. दादाची साखर उतरली होती. तो गेला होता.

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. ज्याने कधी थेंबाला शिवलं नाही त्याच्या नावापुढे माझ्या अक्षरात "नशेत" आहे. तू चौकशीच्या वेळी मला एवढंच म्हणालीस, तो शब्द काढ. मी नाही काढला. म्हटलं, मला जसं ऐकू आलं तसं लिहिलं.

आता ऐकलं आहे की दादाच्या मुलीने त्याच शाळेत बस चालवायला अर्ज केला आणि तिथे कोणीतरी जुनी गोष्ट काढली.

मुंगे, झोप नव्हती गं मला. तेवढंच झालं. हे तुला तेव्हा नीट सांगायला हवं होतं.

तुझी बगळी


१४ मार्च

प्रिय मुंगे,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येतं इकडे, असं मी पोस्टमनलाच सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मीच तर आणतो."

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही. मला अचानक तुझी आठवण आली म्हणून पत्र लिहिलं असं नाही. महिन्यापूर्वी ऑफिसातून बोलावणं आलं. नव्या मुलींच्या प्रशिक्षणाच्या खोलीला माझं नाव देणार आहेत. "एकतीस वर्षं आवाज न चढवता" असं काहीतरी पाटीवर कोरणार. माझे जुने कॉल मुलींना नमुना म्हणून ऐकवायचे, त्यासाठी परवानगी हवी होती. मी दिली. खोटं कशाला सांगू, हरखले होते. साडीही बाजूला काढून ठेवली होती.

कॉल निवडायला एक बाई नेमल्या आहेत. पस्तिशीच्या असतील, पुढचे केस पिकलेले, सगळं आकड्यांत मांडतात. मी त्यांना मनात आकडेवाली म्हणते. त्यांचा स्वतःचा अभ्यास वेगळाच आहे: झोप न झालेली ऑपरेटर आणि झोप झालेली ऑपरेटर यांच्या बोलण्यात काय फरक पडतो. हजेरीपत्रक एका हाताला, कॉल दुसऱ्या हाताला. परवा त्यांनी मला बोलावून घेतलं, पाणी दिलं, दार लावून घेतलं.

"मावशी, तुमच्या कार्डावर प्रश्न किती होते?"

"सात," मी म्हटलं आणि धडाधड म्हणून दाखवले. कुठून बोलताय, कोणाला झालंय, शुद्ध आहे का, श्वास कसा आहे, रक्त जातंय का, आधीचा काही आजार, दार उघडायला कोणी आहे का. आजही झोपेत उठवलं तरी म्हणेन.

"मग हा आठवा कुठला?"

आणि त्यांनी माझा आवाज लावला. मुंगे, स्वतःचा आवाज असा ऐकायला मिळू नये कोणाला. मी म्हणत होते, "प्यायलात का?" दुसरा कॉल. "किती प्यायलात?" तिसरा. "घरात पिणारं कोणी आहे?" सत्तावीस कॉल होते. सगळे जोडपाळीच्या दिवसांतले. आणि सगळे पुलापलीकडचे, तुमच्या वस्तीतले.

"पुलाअलीकडच्या एकालाही नाही विचारलंत," त्या म्हणाल्या. "आणि झोप झालेली असली की पलीकडच्यांनाही नाही. मी तीनदा मोजलं."

मी म्हटलं, "थकल्यावर माणूस कोणालाही काहीही बोलतो हो."

त्यांनी वाद घातला नाही. एकाच दिवसाचे दोन कॉल काढले. एक दहा वाजून अठरा मिनिटांचा. अलीकडचे कोणी आजोबा, जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. मी त्यांना म्हणते आहे, "काका, घाबरू नका. बोलायला जड जातंय का? हात उचलून बघा बरं. साखर-बिखर आहे का तुम्हाला?" इतकी गोड! तुझ्याशीही कधी इतकी गोड बोलले नसेन. गाडी सहा मिनिटांत.

दुसरा अकरा वाजून दोन मिनिटांचा. जीभ तितकीच जड. तो दादा.

मधे चव्वेचाळीस मिनिटं. त्यात मी चहा प्यायले, तूच आणून दिलास. झोप आणखी कुठे उडून जाणार होती? दोन्ही फोनांना तीच बाई, तीच रात्र जागलेली. मग एकाला काका आणि एकाला "किती प्यायलात"?

तेव्हा मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडून टाक. त्यात होतं, तेवढंच झालं. तेवढंच नाही झालं.

बगळी


२२ मार्च

मुंगे,

आठ दिवस रोज जाते आहे. आकडेवालीने कोपऱ्यातलं टेबल दिलं आहे. मला वाटलं होतं ती कंटाळेल, पण ती मला जेवायला हाक मारते आणि तिच्या सासूच्या तक्रारी सांगते. बऱ्याच दिवसांनी कोणाच्या तरी सासूबद्दल ऐकलं. बरं वाटलं.

मी दोन गोष्टी शोधत होते. पहिली सापडली. दादाच्या कॉलमध्ये सहावा प्रश्न नाही. आधीचा काही आजार, हे मी विचारलंच नाही. पाचव्यानंतर आठवा घुसला आणि तो चिडला, मग मी सातव्यावर उडी मारली. एवढा एक विचारला असता तर "साखर" हा एक शब्द त्याच्या तोंडून येताच गाडी सुटली असती. कागदावर मात्र मी सातही प्रश्नांपुढे बरोबरची खूण केली आहे. हाताला सवय होती. चौकशीत त्याच खुणा दाखवून साहेब म्हणाले होते, बघा, बाईंनी सगळं नियमाने केलं.

दुसरी गोष्ट मला सापडायला नको होती. झोप झालेल्या दिवसांचे कॉल मी मुद्दाम मागून घेतले. म्हटलं, जरा आपलं बरं रूपही ऐकू. ते बरंच आहे. एकालाही आठवा प्रश्न नाही. पण पुलापलीकडचा माणूस बोलायला लागला, त्याने शब्दांच्या शेपट्या लांबवल्या, की माझ्या पाचव्या आणि सहाव्या प्रश्नाच्या मधे एक श्वास आहे. अलीकडच्यांच्या कॉलमध्ये तो नाही. मी परत परत ऐकलं. आधी वाटलं यंत्राचा आवाज असेल. मग कळलं, तो माझा श्वास आहे. ती मी आहे, आठवा प्रश्न गिळताना.

म्हणजे तो प्रश्न रोजच यायचा गं. झोप झालेली असली की मी दार दाबून धरायचे. दमले की हात सुटायचा. आईच्या खोलीच्या दाराला मी जशी पाठ लावून बसायचे तसं. आई काही थकव्यातून जन्मली नव्हती. ती आतच होती.

आणि तू चोवीस वर्षं शेजारी बसून तो श्वास ऐकत होतीस का?

वसतिगृहात तुझी ती शब्द ओढायची लांबण मीच घालवली. सिस्टर म्हणाल्या होत्या, हिचं बोलणं जरा सुधारून घे. मी रोज संध्याकाळी जिन्यात बसून तुझ्याकडून वाचून घ्यायचे आणि शेपटी आली की पट्टी वाजवायचे. तू हसायचीस. वर्षभरात तू अशी बोलायला लागलीस की नव्या मुलींना तू अलीकडचीच वाटायचीस. मला त्याचा केवढा अभिमान! लोकांना सांगत सुटायचे. तुला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही. कार्डावर नव्हतं.

— ब.


१ एप्रिल

प्रिय मुंगे,

आज मोठ्या साहेबांकडे गेले होते. तेच ते, आता गुडघे बदलून घेतले आहेत आणि दोन महिन्यांनी निवृत्त होतील. म्हटलं, नऊ वर्षांपूर्वीच्या एका शेऱ्यात दुरुस्ती करायची आहे.

"बाई, बसा. कशाला उकरताय? दहा वर्षं झाली की त्या फायली मोडीत जातात. आणखी काही महिने. आपोआप मिटेल."

"माणसाचं नाव फायलीबरोबर मोडीत जात नाही ना. त्याच्या पोरीला गाडी देत नाहीत."

"तुम्हाला झोप नव्हती. झोप नसली की माणूस माणसात राहत नाही. यात तुमचा काय दोष? दोष असलाच तर पाळ्या लावणाऱ्याचा. म्हणजे माझा. घ्या, मी कबूल करतो. झालं?"

मनाने चांगला आहे माणूस. जोडपाळ्या त्यांनीच लावल्या होत्या आणि ते लेखी द्यायलाही तयार आहेत. मी म्हटलं, ते तुम्ही जरूर लिहा, नव्या मुलींना तरी झोप मिळेल. पण साहेब, त्याच सकाळी मी अलीकडच्या माणसाला काका म्हणत होते. तेवढं माणसात राहायला मला झोप पुरली होती.

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाटी लावता येणार नाही मग."

"नका लावू."

"कोरून आली आहे हो."

"उलट्या बाजूला दुसऱ्या कोणाचं नाव कोरा."

जबाब लिहून दिला. तीन पानं झाली. अक्षर अजून बरं येतं, सिस्टरांची कृपा. बाहेर आले आणि जिन्यात मी तुला सांगायला वळले. खरंच वळले. मागे शिपाई होता. तो म्हणाला, "काय बाई?" मी म्हटलं, "काही नाही रे, असंच."

पण जबाबात एक गोष्ट आहे जी मी तुला अजून सांगितलेली नाही. तीन पत्रं झाली, चौथं चाललं आहे, आणि मी साहेबांच्या पेपरवेटबद्दल लिहिते आहे.

त्या दिवसानंतर तू मला विचारलं होतंस, "तो काय म्हणाला शेवटी?" आपण कपडे बदलायच्या खोलीत होतो. मी म्हटलं, "काही कळलं नाही गं. जीभ जड होती."

कळलं होतं. तेव्हाही कळलं होतं आणि आता टेपवरही स्वच्छ ऐकू येतं. तो म्हणाला, "आमची धाकटी तिथंच बसते. तिला बोलवा. तिला बोलवा, ती सांगेल."

आणि मी म्हटलं, "इथे कोणाची धाकटी-बिकटी नाही बसत. आधी सांगा, किती प्यायलात?"

तू दीड हातावर होतीस.

मला खरंच वाटलं नाही की हा आवाज तुझ्या घरचा असेल. रविवारी वसतिगृहाच्या फाटकापाशी दाण्यांच्या दोन पुड्या घेऊन उभा राहणारा दादा, दुसरी पुडी नेहमी माझी असायची, त्याचा आवाज मी विसरले होते. की तुझ्या घरी आवाज असतात हेच माझ्या ध्यानात नव्हतं? चाळीस वर्षांत मी एकदाही पूल ओलांडला नाही. तू कधी बोलावलं नाहीस असं मी लोकांना सांगायचे. तू दोनदा बोलावलं होतंस.

तू नोकरी सोडताना म्हणालीस, "तू विचारलंस ते मी ऐकलं, बगळे. आणि मी चहा ढवळत राहिले. आजवर शंभरदा ऐकलं आणि शंभरदा ढवळत राहिले." मला वाटलं तू माझ्यावर रागावली आहेस. तू स्वतःला त्यात घेत होतीस हे मला आत्ता, हे वाक्य लिहिताना दिसलं.

म्हणून हे पक्कं समजून घे. तो तुला बोलवत होता हे तुला कळायला मार्गच नव्हता. तो मी बंद केला. ढवळण्याचा हिशेब तुझा तू कर, मी त्यात बोलणार नाही. पण ही हाक तुझ्यापर्यंत पोचली नाही यात तुझं काहीही नाही.

हे पत्र टाकू की नको असं दिवसभर वाटत होतं. न सांगितलं तर तू थोडी बरी राहशील. पण असं तुला बरं ठेवण्याच्या नावाखाली मी नऊ वर्षं स्वतःला बरं ठेवलं. टाकते आहे.

बगळी


१३ एप्रिल

प्रिय मुंगे,

पूल ओलांडला.

दादाच्या घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचं इस्त्रीचं दुकान आहे, तुला माहीतच असणार. मी दारात उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"साडी आहे का? साडीला उद्या संध्याकाळ होईल."

मी कोण ते सांगितलं. इस्त्री कापडावर तशीच राहिली. मग त्यांनी ती उचलून बाजूला उभी केली. कापड जळलं नाही.

"नऊ वर्षं लागली पूल ओलांडायला? चालत अकरा मिनिटांचा आहे."

"हो."

"बरं, या. दारात उभ्या राहू नका, गिऱ्हाईक परत जातं."

बसायला कपड्यांचा गठ्ठा सरकवला. मी सगळं सांगितलं, टेपवरच्या हाकेसकट. मधे त्यांनी एक शर्ट संपवला, घडी केली, दुसरा घेतला. मला वाटलं ऐकत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्याचा आवाज आहे त्यात?"

"आहे."

"कसा आहे?"

याचं उत्तर काय द्यायचं, मुंगे? मी म्हटलं, "चिडलेला आहे."

"असणारच." वहिनी पहिल्यांदा थोडं हसल्या. "उपाशी राहिला की चिडायचाच. मी म्हणायची, आधी दोन घास खा, मग भांड."

मग म्हणाल्या, "हे धाकटीला ठाऊक आहे?"

"पत्र लिहिलं आहे."

"पत्र! समोर बसून सांगायला पाय दुखतात का तुमचे? शोभता दोघी. ही पूल ओलांडून येत नाही, ती एकदा गेली ती परतून येत नाही. वर्षाकाठी पोरीसाठी कपडे पाठवते, मापाला कधी बसत नाहीत. पोरीची उंची तरी येऊन बघून जा म्हणावं."

तेवढ्यात दादाची मुलगी आली. त्याच्यासारखीच रुंद खांद्यांची. मालवाहू टेम्पो चालवते सध्या. मी कोण ते कळल्यावर ती दारातच थांबली. ती मला काही वावगं बोलली नाही, हे बरं झालं की वाईट ते सांगता येत नाही. फक्त म्हणाली, "शाळा जूनमध्ये उघडते. मेच्या मध्यापर्यंत ड्रायव्हर ठरतात. कागद तेव्हा असला तर असला." आणि आत गेली.

मी वहिनींना म्हटलं, दुरुस्तीचा शिक्क्याचा कागद मिळाला की मी स्वतः आणून देते.

"तुमच्या हातून नको."

त्यांनी पुढचा शर्ट टेबलावर पसरला.

"रागाने नाही म्हणत. म्हणजे रागही आहे, तो माझा मी बघेन. पण त्याच्या नावाचा कागद घरात यायचा तर घरच्या माणसाच्या हातून यावा. त्याने तिला बोलावलं होतं ना? मग यायला सांगा तिला. तिने आणला तर घेईन. टपालाने आला तर परत."

उठताना मी विचारलं, तुमचं काही म्हणणं कळवू का तिला? त्या म्हणाल्या, विचार करून सांगते, पुढच्या आठवड्यात या. मी गेले. त्यांनी सांगितलं. ते शेवटच्या पत्रात लिहीन, कागद हातात आल्यावर.

येताना पुलावर थांबले. अलीकडून एक बाई येत होती, पिशवी घट्ट काखेत धरून. मला पाहिल्यावर तिने पकड सैल केली. आधी मी हे पाहिलंच नसतं.

बगळी


२ मे

प्रिय मुंगे,

कागद आला. शेरा बदलला. आता तिथे आहे: "कॉल करणाऱ्याने मद्य घेतल्याचा कोणताही आधार नाही. पूर्वीच्या आजाराविषयीचा प्रश्न विचारला गेला नाही. आधीचा शेरा ऑपरेटरच्या पूर्वग्रहातून लिहिला गेला." शेवटच्या वाक्यात साहेबांनी "थकव्यातून" लिहिलं होतं. मी म्हटलं, दोन्ही लिहा, पण माझा शब्द आधी. मग त्यांनी खाली वेगळी ओळ घातली, पाळ्यांची, आणि स्वतः सही केली.

तुझं एकही पत्र आलं नाही. तू वाचतेस की नाही तेही मला ठाऊक नाही. पत्रं परत आली नाहीत, एवढ्यावर हे पुडकं पाठवते आहे. आत काय आहे ते नीट सांगते. घाईत उघडू नकोस.

मोठ्या खाकी पाकिटात दुरुस्तीच्या शिक्क्याच्या दोन प्रती आहेत. एक वहिनींची. दुसरी मुलीची, शाळेत दाखवायला. दोन्ही तुझ्या हातून द्यायच्या. पंधरा तारखेच्या आत दिल्यास तर यंदाच उपयोग होईल. शाळेच्या मुख्याध्यापकांना मी आधीच सविस्तर लिहिलं आहे आणि भेटूनही आले. त्यांनी कागद पाहिल्याशिवाय हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिथे तुला काही करायचं नाही.

सुती कापडात गुंडाळलेला छोटा पेन ड्राइव्ह वहिनींचा. त्यात दादाचा आवाज आहे, तीन मिनिटं दहा सेकंद. माझे प्रश्न काढून नुसता त्याचा आवाज ठेवता येतो असं आकडेवाली म्हणाली होती. मी नको म्हटलं. वहिनींना हवं असेल तर तसं करून मिळेल, मग तिला फोन करायचा; नंबर कापडाला टाचला आहे. त्यांनी मागितल्याशिवाय देऊ नकोस. मुलीने ऐकायचं की नाही ते तिची आई ठरवेल. तू ऐकायचं की नाही ते तू.

बाकीच्या सव्वीस जणांची यादी पुडक्यात नाही, ती माझ्याकडे आहे. त्यांतले सोळा पत्ते सापडले. सोळा पत्रं मी लिहीन, रोज एक. जे सापडणार नाहीत त्यांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

माझ्या जबाबाची तीन पानं तुझी. वाचून फाडलीस तरी चालेल.

तुला वेगळी भेटवस्तू ठेवलेली नाही. दुकानात दोनदा जाऊन परत आले. आणि येशील तेव्हा माझ्याकडे यायला हवं असं मुळीच नाही. स्टेशनवरून पुलाकडे सरळ रस्ता आहे, माझी गल्ली वाटेत लागत नाही.

उरला वहिनींचा निरोप. तो तुझ्यासाठी आहे आणि पाकिटात घालता येत नाही, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते: "दुकान चारला बंद होतं. नंतर आलीस तर मागच्या दाराने ये. कडी अजून तीच आहे. आधी वर उचलायची, मग ढकलायची."

बगळी